सेमरा तालाची दुभाषी

अंबादास पुलगावहून आला तेव्हा त्याच्याजवळ एक वळकटी आणि एक पितळी तांब्या होता. "चार दिवस राहतो वहिनी, क्वार्टर भेटलं का जातो," असे त्याने दारातच सांगून टाकले. काम त्याला दुसऱ्याच दिवशी मिळाले. क्वार्टर काही मिळाले नाही. वर्ष उलटून गेले तरी त्याचे ते चार दिवस संपले नव्हते.

लढाई ब्रह्मदेशात चालू होती, पण गर्दी जबलपुरात झाली होती. गावाबाहेरच्या जंगलात नवा कारखाना उभा राहत होता, जुन्या कारखान्यात तीन पाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि जिकडून जिकडून रेल्वे येत होती तिकडून माणसे येत होती. ओमती मोहल्ल्यात दुकानांच्या माळ्यांवर बिऱ्हाडे थाटली गेली. कुणी म्हैस विकून गोठा भाड्याने दिला. ओसरीला गोणपाट बांधले की तिची खोली होई, आणि त्या खोलीसाठीही भांडणे होत. कुंदाच्या सासूबाई म्हणत, "या गावानं एवढे घास एकदम तोंडात कोंबले, का आता चावताही येत नाही अन् थुंकताही येत नाही."

कुंदाचा नवरा गुणवंत वैरागडे जुन्या कारखान्यात सुपरवायझर होता. सेमरा ताल नावाच्या तळ्याच्या काठी एका कौलारू घराचा अर्धा भाग त्याने भाड्याने घेतला होता. दोन खोल्या आणि एक पडवी. त्यात तो, कुंदा, त्याची आई, चुलतभाऊ अंबादास आणि मागाहून आलेला मावशीचा जावई शरच्चंद्र. पडवीत एकच खाट होती. पहाटेचा भोंगा झाला की एक जण उठे आणि रातपाळीवरून आलेला दुसरा त्याच पांघरुणात शिरे.

"वहिनी, या खाटेलाही ओव्हरटाइम भेटला पाहिजे," अंबादास म्हणे.

"आणि माझ्या चुलीला?" कुंदा विचारी.

"चुलीचं काय आहे, तिला तर सरकारी नोकरी आहे. तिला कोणी काढून राहिलं नाही."

कुंदा हसे, पण चूल दिवसभर विझत नसे हे खरेच होते. प्रत्येकाची पाळी वेगळी, प्रत्येकाचे जेवण वेगळ्या वेळी. आपण दार लावून बसू शकू असा एक कोपराही तिला त्या घरात नव्हता. साडी बदलायची तर सासूबाईंना उंबऱ्यात उभे करावे लागे. तिच्या मनात एका स्वयंपाकघराचे चित्र असे. फार मोठे नाही. एक खिडकी, एक फळी, आणि आतून लागणारी कडी.

मात्र क्वार्टर हवे असण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. आदल्या कार्तिकात तिची मुलगी प्रतिमा तापाने गेली होती. नुकती भिंतीला धरून चालू लागली होती. क्विनाइन बाजारातून नाहीसे झाले होते. जे होते ते पलटणींसाठी. डॉक्टर नाडी सोडून उठले आणि जाता जाता तालाकडे हात करून म्हणाले, "या पाण्याकाठी राहायला नको होतं तुम्ही." त्यानंतर कुंदाने सकाळी तालाकडे तोंड करून दात घासणेही सोडले.

वास्तविक ताल देखणा होता. पावसाळा लागला की शिंगाड्याच्या वेली पाण्यावर पसरत आणि काठावरून पाहणाऱ्याला ते हिरवे अंगणच वाटे. वेली लावणारी नर्मदा आणि तिचा नवरा बलदेव पलीकडच्या काठावर झोपडी करून राहत. जातीचे ढीमर, मासे धरणे आणि शिंगाडे पिकवणे हा पिढीजात धंदा. दोन मडकी उपडी करून बांबूला बांधायची आणि त्यांच्यावर पालथे पडून वेलींतून सरकत जायचे, अशी त्यांची तोडणीची रीत होती. नर्मदा कुंदाच्याच वयाची. हातांवर काट्यांचे ओरखडे कायमचे. एकादशीच्या आधी ती न विसरता शिंगाडे घेऊन दाराशी येई, कारण मराठी घरांत उपासाला शिंगाड्याचे पीठ लागतेच हे तिला पक्के ठाऊक होते.

"तुम लोगों के उपास से हमारा चूल्हा जलता है दीदी," ती म्हणे, आणि स्वतःच्याच विनोदावर हसे.

प्रतिमा गेली तेव्हा नर्मदा येऊन नुसती बसून राहिली होती. कुंदाला त्या दिवसांतले फारसे काही आठवत नसे, पण ते बसणे आठवे.

तर श्रावणातल्या एका दुपारी लष्कराची एक जीप तालाच्या काठी येऊन थांबली. इंजिनिअर पलटणीचा एक गोरा मेजर खाली उतरला. त्याचा ड्रायव्हर मद्रासचा, त्याला हिंदीचे दोनच शब्द येत, तेही रस्त्यावर ओरडायचे. मेजर नर्मदेला आणि बलदेवला काहीतरी विचारत होता, ती दोघे हात जोडून उभी होती, आणि कुणाचे कुणाला कळत नव्हते. भोवती माणसे जमली. त्यांतून कोणीतरी म्हणाले, "अरे, वैरागडेजी के घर से बुलाओ. वो बहूजी मेमों के स्कूल की पढ़ी हैं."

हे खरे होते. कुंदाचे वडील रामकृष्ण देशकर रेल्वेत गार्ड होते. एकुलत्या मुलीला त्यांनी हट्टाने कॉन्व्हेंटात घातले होते. सासरी त्या शिक्षणाचा उपयोग टोमण्यांपुरता होत असे. भाजीत मीठ जास्त पडले की सासूबाई म्हणत, "कॉन्व्हेंटात मीठ शिकवत नसतील." त्या दुपारी मात्र सासूबाईंनीच तिला पदर सावरून पुढे ढकलले. "जा गं, बोल त्याच्याशी. तेवढंच शिकलेलं कामी येईल."

कुंदा गेली. पायांत चपला नव्हत्या, हाताला पिठाचा वास होता, पण इंग्रजी तोंडातून निघाले तसा मेजरचा चेहरा उजळला. त्याने टोपी काढली. तो म्हणाला की कामगारांसाठी चाळी बांधायच्या आहेत आणि दोन जागा पाहायच्या आहेत. ही जवळ, पण बुजवावी लागेल. दुसरी कोरडी, पण लांब, कुंडमच्या रस्त्याला. "मला एवढेच जाणून घ्यायचे आहे की या पाण्याचा कोणाला काही उपयोग आहे का. हिला विचाराल?"

कुंदाने विचारले. नर्मदा भराभर बोलू लागली, जणू दीदी आली म्हणजे अर्धे काम झाले.

"साहब से कहो दीदी, ताल मालगुजार से ठेके पे लिया है. बेल डल गई है. दशहरे से तोड़ाई लगेगी, देवउठनी ग्यारस तक चलेगी. भरना है तो भरें, सरकार का राज है, हम कौन होते हैं. बस ग्यारस तक रुक जाएँ. इतना कह दो."

साधे बोलणे होते: कार्तिकी एकादशीपर्यंत थांबा. शिंगाड्याला इंग्रजीत काय म्हणतात हे कुंदाला येत होते. ठेका, पीक, थांबणे, सगळ्याला शब्द होते. ते तिच्या जिभेवर आलेही. पण त्याच वेळी तिला दिसले ते कुंडमच्या रस्त्याला लांब गेलेले क्वार्टर. इतके लांब की कारखान्याची माणसे तिथे जाणार नाहीत, गुणवंत तर मुळीच नाही. आणखी एक पावसाळा पडवीत. आणखी एक कार्तिक या पाण्याकाठी.

ती मेजरला म्हणाली, "ही कोळी माणसे आहेत. मासे धरतात, पाण्यात उगवणारी काही फळे काढतात. दुसरीकडे जातील म्हणते."

दुसरीकडे जातील, हे तर नर्मदेने म्हटलेच नव्हते.

"छान," मेजर म्हणाला. तुम्ही इंग्रजी कुठे शिकलात, असे त्याने कौतुकाने विचारले. तिने शाळेचे नाव सांगितले. जीप गेली.

"क्या बोले?" नर्मदेने विचारले.

"देखेंगे, बोले."

"आपने अच्छे से कह दिया ना?"

"कह दिया."

नर्मदेने वाकून तिच्या पायांना हात लावला. कुंदा मागे सरली, पण तेवढ्यात तो हात लागला होता.

संध्याकाळी घरात तिचे खूप कौतुक झाले. मेजर तिच्याशी टोपी काढून बोलला हे सासूबाईंनी शेजारच्या दोन घरी स्वतः जाऊन सांगितले. अंबादास म्हणाला, "वहिनी, लगे हाथ नळही मागून घ्यायचा ना. अन् माझ्यासाठी एक बायको." गुणवंत हसता हसता म्हणाला, "काय बोलणं झालं एवढं?" कुंदा म्हणाली, "काही नाही. ताल कुणाचा आहे ते विचारत होता." ताटात शिंगाड्याचा शिरा होता, श्रावणी सोमवार होता. ती जेवली. पुढे कितीतरी दिवस तिला या गोष्टीचे नवल वाटत राहिले, की ती त्या संध्याकाळी पोटभर जेवली होती आणि शांत झोपलीही होती.

पितृपक्ष संपायच्या आत ट्रक आले. कारखान्याच्या बॉयलरची राख, जळक्या कोळशाचे खडे, टेकड्यांवरचा मुरूम. एका टोकाकडून भराव सुरू झाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला सरकू लागले, तसे वेलींचे हिरवे अंगणही गोळा होत, चुरगळत सरकू लागले. नर्मदा आणि बलदेव छातीएवढ्या गढूळ पाण्यात उतरून मिळतील ते शिंगाडे तोडू लागले. दाणा भरायला अजून अवकाश होता. साल सोलली की आत नुसते पांढरे पाणी निघे. काठावर त्याचे ढीग पडले. ते बाजारात कोणी घेईना; शेवटी गाई खाऊन गेल्या.

कुंदा खिडकीतून पाहत होती. एकदा तिला वाटले, धावत जावे, ट्रकबरोबरच्या ओव्हरसियरला सांगावे. काय सांगावे? की त्या दिवशी मी साहेबाला खोटे सांगितले? ती खिडकीतच राहिली. कॉन्व्हेंटात एक म्हातारी सिस्टर होती, आयर्लंडची. ती म्हणायची, केलेले पाप माणसाला दिसते. न केलेल्या कर्तव्याचे पाप दिसत नाही, म्हणून ते जास्त दिवस टिकते. तेव्हा मुली मागच्या बाकांवर जांभया देत. कुंदाही.

मुरूम उचलायला बाया हव्या होत्या. नर्मदा घमेले घेऊन रांगेत उभी राहिली. आपलाच ताल तिने आपल्या डोक्यावरून मुरूम वाहून बुजवला. ठेक्याचे देणे तालाच्या मालकाने, मालगुजाराने, माफ केले नाही, तेव्हा बलदेव एका कंत्राटदाराबरोबर आसामकडे रस्त्याच्या कामाला गेला. लढाईसाठी तिकडे डोंगरांतून रस्ते काढत होते, आणि आपल्या भागातून माणसांचे डबेच्या डबे भरून जात होते. जायच्या आधी तो वैरागड्यांच्या दाराशी येऊन रामराम करून गेला.

"दीदी, इसे जरा देखते रहिएगा," तो नर्मदेकडे मान करून म्हणाला. "आपने तो साहब से बोला ही था. हमारी किस्मत."

पुढच्या उन्हाळ्यात चाळी उभ्या राहिल्या आणि गुणवंतला त्यांतले एक क्वार्टर मिळाले. दोन खोल्या, मागे अंगण, गल्लीच्या तोंडाशी नळ, आणि खिडकी असलेले स्वयंपाकघर. आतून कडी होती. पहिल्या दिवशी कुंदाने ती लावून पाहिली. लागली. मग ती तिथेच, नव्या चुन्याच्या वासात, बराच वेळ उभी राहिली आणि तिला कडी उघडवेना.

सुख म्हणावे तर तेही पुरते मिळाले नाही. क्वार्टर मिळाल्याची वार्ता पुलगावपर्यंत गेली आणि आणखी दोन पाहुणे चार दिवसांसाठी आले. चाळींच्या गटारांना उतार नीट नव्हता. पाणी तुंबे आणि डास पूर्वीइतकेच. शरच्चंद्राला ताप आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ताल गेला अन् मच्छर ठेवून गेला." कुंदा ताटे मांडत होती. तिच्या हातातले ताट मोठ्याने आदळले. सगळ्यांनी वर पाहिले. "निसटलं," ती म्हणाली.

प्रतिमेसाठी केले, असे ती स्वतःला सांगे. कधी ते पटे. मग नव्या फळीवर डबे मांडताना तिला वाटे, यात प्रतिमेचे किती आणि या फळीचे किती? हा हिशेब तिला कधीच सुटला नाही. उपासाला तिने शिंगाडा खाणे सोडले. पोटात दुखते म्हणाली. सासूबाई तिच्यासाठी वेगळा साबुदाणा भिजवू लागल्या, आणि आपल्यामुळे म्हाताऱ्या बाईला हे जास्तीचे काम, याचाही तिला सल राहू लागला.

नर्मदा आता कुंडमच्या रस्त्यावरच्या एका तालात भावाबरोबर वेली लावी. लांबून येई, तरी एकादशीचा दिवस चुकवत नसे. बलदेवचा निरोप नव्हता. "काम होगा बहुत," ती म्हणे. कुंदा तिला चहा देई, जुन्या साड्या देई, भाव न करता घेई. नर्मदेला ते सगळे मायेचे वाटे. शेजारणींना ती सांगे, "ये दीदी हमारे लिए गोरे साहब से लड़ी थीं." लढली होती. हा शब्द ऐकला की कुंदा काहीतरी आणायला आत जाई.

भाद्रपदात नर्मदा घाबरीघुबरी होऊन आली. तिकडच्या तालावरही खुंट्या ठोकल्या होत्या. लष्कराला कोठारे बांधायची होती. साहेब तोच होता.

"दीदी, एक बार और चलो. आपकी बात वो सुनते हैं. भले पिछली बार नहीं मानी."

कुंदाने घरात कुणाला विचारले नाही. भाजीत डाव तसाच ठेवून तिने चपला घातल्या. टांग्यात दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. नर्मदा वाटभर बोलत होती, वेल यंदा कशी भरली आहे, दाणा कसा मोठा होणार. कुंदा मनात एकेक इंग्रजी वाक्य जुळवत होती, आणि जुळवलेले मोडत होती.

मेजर थकलेला दिसत होता. त्याने तिला ओळखले, खुर्ची दिली. नर्मदा दाराशी उभी राहिली. कुंदाने सगळे सांगितले, एक शब्द न गाळता: ठेका, पीक, दसरा, देवउठनी एकादशी. तोपर्यंत थांबावे, एवढीच विनंती.

मेजरने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिले आणि खांदे उडवले. "एकादशीपर्यंत? अवश्य. माझे ट्रक तसेही थंडीपर्यंत मोकळे नाहीत." मग तो सहज म्हणाला, "त्या सेमऱ्याच्या वेळीही थांबता आले असते. चाळी तिथेच व्हायच्या होत्या, ते तर मी त्या दिवशी यायच्या आधीच ठरवले होते. पाण्याच्या उपयोगाचे विचारणे ही एक रीत असते. पीक उभे आहे असे कुणी म्हटले असते तर आधी दुसरीकडे काम सुरू केले असते."

कुंदाने एकदा दाराशी उभ्या नर्मदेकडे पाहिले.

"तिने म्हटले होते," ती इंग्रजीत म्हणाली. "मी तुम्हाला सांगितले नाही. मला क्वार्टर हवे होते."

इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा असा चार शब्दांत खाली आला. मेजरने तिच्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता ना नवल. किंचित अवघडल्यासारखे हसून तो म्हणाला, "लढाईचे दिवस आहेत, मिसेस वैरागडे. आपण सगळेच काही ना काही करतो," आणि त्याने पुढचा कागद ओढला.

तिला कळून चुकले की हे सांगणे फुकट गेले. ज्याचे काही गेले नव्हते त्याच्यापुढे, जिचे गेले तिला न कळणाऱ्या भाषेत, ती मोकळी होऊ पाहत होती.

"क्या बोले दीदी?" दारातून नर्मदेने विचारले.

"ग्यारस तक रुकेंगे."

नर्मदा तिथेच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मेजर खिडकीबाहेर पाहू लागला. परतीच्या टांग्यात कुंदाने तीनदा तोंड उघडले. तिन्ही वेळा नर्मदाच बोलली.

देवउठनी एकादशीच्या आदल्या दिवशी नर्मदा आली ती डोक्यावर मोठी टोपली घेऊन. उकडलेले, काळेभोर, टपोरे शिंगाडे. तिने टोपली स्वयंपाकघराच्या दाराशी उतरवली. सासूबाई देवळात गेल्या होत्या, पुरुष कामावर. घरात क्वचितच मिळे अशी शांतता होती.

"ये आपके हैं. पैसे की बात मत करना. पहले भी आपने ही कोशिश की, अब भी आपने ही. अपने आदमी से भी यही कहूँगी, आएगा तब."

"नर्मदा, बैठ," कुंदा म्हणाली.

नर्मदा बसली. कुंदा उभीच राहिली. हिंदीत ती रोज बोलत असे, भाजीवाल्याशी, टांगेवाल्याशी. तरी शब्द शोधावे लागले.

"सेमरा ताल पे तूने मुझसे जो कहा था, वो मैंने साहब को नहीं बताया. ठेके का नहीं, बेल का नहीं, रुकने का नहीं. मैंने कहा, ये लोग दूसरी जगह चले जाएँगे. मुझे ये घर चाहिए था."

नर्मदेने आधी हसून पाहिले, दीदी काही थट्टा करते आहे की काय, अशा नजरेने. मग ते हसू हळूहळू गेले. तिने स्वयंपाकघरावरून नजर फिरवली: खिडकी, फळी, ओळीने लावलेले डबे. जणू पहिल्यांदाच पाहत होती.

"बता देतीं तो रुक जाते?"

"रुक जाते. साहब ने उस दिन खुद कहा."

"वो आसाम न जाते," नर्मदा म्हणाली. हे तिने कुंदाला सांगितले नाही. जमिनीकडे पाहत म्हटले.

कुंदाला वाटले, आता ती ओरडेल. शिव्या देईल, टोपली लाथाडेल. तिला ते हवेही होते. पण नर्मदेने अगदी साध्या आवाजात विचारले,

"तो अब काहे बताया?"

मन हलके करायला, एवढेच कुंदापाशी उत्तर होते. ते तिच्या तोंडावरच लिहिले असावे, कारण नर्मदेने ते वाचले.

"मैं तो सरकार को कोस लेती थी दीदी. सरकार दूर है, उसको कोसो तो रोटी गले से उतर जाती है. बाढ़ आई, ताल गया, ऐसा समझ लिया था. एक आप थीं, तो लगता था कोई तो बोला हमारी तरफ से." ती उठली. "वो भी ले लिया आपने."

पदर नीट करून ती मागच्या अंगणातून गेली. टोपली तिथेच राहिली.

सासूबाई देवळातून आल्या. टोपली पाहून हरखल्या. "एवढे? काहून गं, लग्न आहे का घरात?" पाहुण्यांनी, अंबादासने, गुणवंतने ते शिंगाडे दोन दिवस खाल्ले. अंबादास म्हणाला, "असा शिंगाडा सेमऱ्यालाही निघत नव्हता." कुणी कुंदाकडे पाहिले नाही. तिच्या पोटात दुखते हे सगळ्यांना माहीतच होते.

टोपली रिकामी झाली तशी सासूबाईंनी ती धुऊन उन्हात वाळवली. दोन-तीन एकादश्या गेल्या. नर्मदा आली नाही. कोठारांचे काम सुरू झाले होते, कुंडमच्या रस्त्यावरचा तो तालही बुजला होता, आणि ती माणसे सिहोऱ्याकडे कुठेशी गेली असे दूधवाला सांगत होता.

"टोपली न्यायला नाही आली गं ती," एका सकाळी सासूबाई म्हणाल्या.

"नाही येणार."

"काहून?"

कुंदाने सांगितले. या वेळी थांबली नाही, मराठीत, चुलीपुढे बसून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितले. म्हातारी ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने भाकरीचे पीठ ओढले आणि मळू लागली.

"अगं, ताल तर बुजणारच होता. एकटी तूच का? सगळं गावच बुजून राहिलं. अन् लेकरू गेलं होतं तुझं."

तिने हे मायेनेच म्हटले होते. रात्री गुणवंतही तसेच म्हणाला, आणि उगाच मनाला लावून घेतेस, असेही म्हणाला. कुंदाने मान हलवली. त्या घरात तिला माफ करायला सगळे तयार होते, कारण त्या घरात सगळेच राहत होते.

"पण टोपली पोचती कर कोणाजवळ," दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या. "सिहोऱ्याचा कोणी भेटला का देऊन दे. अन् रिकामी नको देऊ. आपल्यात रिकामं भांडं परत करत नाही. काहीतरी घालून दे."

सिहोऱ्याला जाणारा माणूस सहज मिळण्यासारखा होता. दूधवाल्याचा भाचाच दर आठवड्याला जाई. कुंदाने खुंटीवरची टोपली खाली घेतली. फळीवरून डाळीचा डबा काढला आणि परत ठेवला. गूळ काढला. तोही ठेवला. नवी साडी होती ट्रंकेत, ती हातात घेऊन ती बराच वेळ बसली. दूधवाल्याचा भाचा दाराशी येऊन, "क्या भेजना है बहूजी?" म्हणून विचारून गेला. "अगले हफ्ते," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यातही ती तेच म्हणाली. लढाई संपली, आसामकडून माणसे परतू लागली, अंबादासला स्वतःचे क्वार्टर मिळाले आणि त्याच्याकडेही चार दिवसांचे पाहुणे येऊ लागले. चाळींपुढे नव्या चाळी झाल्या. स्वयंपाकघराच्या खुंटीवर ती टोपली अजून टांगलेली होती, आणि तिच्यात काय घालावे हे कुंदाला अजून सुचले नव्हते.